न सांडणारं पाण्याचं भांडं: चकती बुडाल्यानंतरचा अनुभव

कुत्र्यासाठी घेतलेल्या न सांडणाऱ्या पाण्याच्या भांड्यातली तरंगती चकती बुडाली. बाकी भांडं ठणठणीत आहे, कड नीट बसते, तळाचे रबरी पाय जागेवर आहेत, रंगही उडालेला नाही. पण ज्या एका वस्तूसाठी पैसे मोजले तीच तळाला जाऊन बसली, म्हणून हे लिहायला घेतलं.

तरंगत्या चकतीचं भांडं कसं असतं ते घरात कुत्रा असलेल्या बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे माहितीपत्रक वाचून दाखवत नाही; बाकीच्यांसाठी एवढंच, की पाण्यावर मध्ये भोक असलेली चकती तरंगते, कुत्र्यानं नाकानं दाबली की भोकातून थोडंच पाणी वर येतं. माझं दोन लिटरचं, ७४९ रुपयांना ऑनलाइन घेतलेलं. गिऱ्हाईक म्हणजे आमचा गुंड्या, चार वर्षांचा लॅब (लॅब्रॅडॉर), वजन ३२ किलोच्या आसपास. त्याआधी स्टीलचं पातेलं होतं आणि पातेल्याभोवती कायमचं तळं. ते तळं जिभेनं, मिशांनी आणि पायांनी स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत पोचायचं. आमच्याकडे व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, त्यावर चार थेंब पडले तरी दिसत नाहीत आणि पाय मात्र सटकतो. सासूबाई दोनदा भिंतीला धरून वाचल्या. फरशी पुसायला येणाऱ्या मावशी तर म्हणाल्याच, "ताई, ह्याला नदीवर नेऊन पाजा."

तर भांडं आलं आणि पहिले काही आठवडे मी ज्याला-त्याला त्याचं कौतुक सांगत सुटले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्यामुळेच त्यांच्या शिह त्झूसाठी, म्हणजे लहानशा दाढीवाल्या कुत्र्यासाठी, घेतलं. त्यांचं अजून उत्तम चाललंय, कारण त्यांचा प्रश्नच वेगळा होता. त्यांना दाढी कोरडी राहायला हवी होती आणि ती राहते. मला फरशी कोरडी हवी होती.

आता चकतीबद्दल. ही चकती भरीव नसते. दोन पातळ भाग कडेला चिकटवून आत हवा कोंडलेली असते. मोठा कुत्रा दिवसातून अनेकदा नाकाने तिला खाली दाबणार, हे ती बनवणाऱ्याला माहीत असायला हवं. माझ्या चकतीच्या सांध्याला केसाएवढी चीर पडली. आधी कळलंच नाही. फक्त ती एका बाजूला कलंडल्यासारखी दिसायची, मला वाटलं फरशीला उतार आहे. मग एक दिवस धुताना कानाशी हलवून पाहिली तर आत खळखळ! त्यानंतर थोड्याच दिवसांत ती पूर्ण खाली गेली. चकती गेली की उरतं ते एक महागडं, अरुंद तोंडाचं पातेलं.

विकणाऱ्यांना लिहिलं की मला फक्त चकती द्या, पैसे घ्या. उत्तर आलं की चकती वेगळी मिळत नाही, पूर्ण प्रॉडक्ट घ्यावं लागेल. कुकरची रिंग गेली तर कोणी नवा कुकर घेतं का? मी विचारलं, वॉरंटी? ती फक्त मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला, आणि हे म्हणे फिजिकल डॅमेज. म्हटलं, सांधा उकलणं हा डिफेक्ट नाही तर काय? त्यावर नव्या माणसानं नव्याने ओळख करून घेऊन विचारलं, "मॅम, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का?" अहो, खोक्याचा पुठ्ठा रद्दीत जाऊन त्याची वही झाली असेल एव्हाना! मी बादलीत चकती बुडतानाचा व्हिडिओ पाठवला. बुडबुडे चिरेतूनच येताना स्पष्ट दिसतात. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे." शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्याशा चकतीसाठी एवढं? चकती एवढीशीच आहे, म्हणून तर वेगळी विकायला काय जातं?

भांडण चालू असताना मी एक उद्योग केला. कुत्रा मुळात एवढं पाणी का सांडतो, हे वाचून काढलं. त्यात माझं गुंड्याबद्दलचं मतही बदललं आणि भांड्याबद्दलचंही.

गाय किंवा घोडा ओठ मिटून पाणी ओढून घेतात. कुत्र्याला ते जमत नाही, कारण त्याचे गाल आपल्यासारखे पुढपर्यंत बंद नसतात, तोंड कडेला उघडंच राहतं. मग तो जीभ मागे, हनुवटीच्या दिशेने वळवून पाण्यावर आपटतो आणि झपकन वर खेचतो. जिभेमागोमाग पाण्याचा एक खांब वर उठतो आणि तो कोसळायच्या आत जबडा मिटून त्यातला घास घ्यायचा. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी १९ कुत्र्यांचं पाणी पिणं चित्रित करून हे २०१५ मध्ये मांडलं. वळलेल्या जिभेच्या खोबणीतही पाणी भरतं, पण ते बहुतेक परत खालीच सांडतं; हार्वर्डच्या लोकांनी २०११ मध्ये क्ष-किरणांच्या व्हिडिओत ते पाहिलं होतं. मांजर जिभेचं फक्त टोक पाण्याला टेकवतं, म्हणून त्याच्या वाटीभोवती कोरडं असतं. कुत्रा जीभच्या जीभ आपटतो. थोडक्यात गुंड्याला वळण नाही असं नाही, त्याच्या तोंडाची बांधणीच तशी आहे. हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, मग पुसायचं कोणी?"

यातून चकतीचं काम नीट समजतं. भोकातून वर आलेलं पाणी उथळ असतं, जीभ खोल बुडत नाही, खांब लहान उठतो, त्यामुळे आजूबाजूला उडणं थांबतं. हे ती शंभर टक्के करते. बुडायच्या आधी करत होती, असं म्हणू.

पण सांडण्याचे प्रकार दोन. एक, पिताना उडणारं पाणी. दुसरं, पिऊन झाल्यावर ओठांतून गळणारं. जाहिरातीत पहिलंच दाखवतात. कुत्रा पितो, कॅमेरा भांड्याभोवतीची कोरडी फरशी दाखवतो, संपलं. त्यानंतर तो कुत्रा कुठे जातो ते दाखवत नाहीत. आमचा सरळ हॉलमध्ये येतो आणि ज्याच्या मांडीवर कागद किंवा इस्त्रीचे कपडे असतील त्याच्या मांडीवर हनुवटी ठेवतो. लॅबचे ओठ तसे बेताचे. बॉक्सर, मॅस्टिफ, सेंट बर्नार्डवाल्यांनी तर हे भांडं घेताना दहा वेळा विचार करावा. लोंबत्या ओठांच्या घडीत पाणी साठतं आणि ते चकतीला विचारून गळत नाही. भांडं आल्यावर आमच्या स्वयंपाकघरातलं तळं गेलं, पण हॉलपर्यंतची थेंबांची रांग होती तशीच राहिली. सुरुवातीच्या कौतुकात ती मला दिसली नाही, सासूबाईंना दिसत होती.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. कुत्र्याला दिवसाला साधारण किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे गुंड्याला साधारण १.६ ते १.९ लिटर. उन्हात त्याहून जास्त. चकतीच्या भांड्यातून पाणी हळू मिळतं. जाहिरातीत हा गुण म्हणून सांगतात, घटाघटा पिऊन लगेच ओकणाऱ्या कुत्र्यांसाठी तो आहेही. पण एप्रिलमध्ये संध्याकाळचं फिरून धापा टाकत आलेला कुत्रा लप्-लप् करत त्या भोकाशी उभा राहतो, वैतागतो आणि अर्ध्यात सोडून फरशीवर पसरतो. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की अंदाज बांधत बसू नका, सकाळी मोजून भरा आणि रात्री उरलेलं मोजा. हिरड्या चिकट लागल्या, लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. मोजल्यावर दिसलं की उकाड्याच्या दिवसांत भांड्यातून तो पुरेसं पीत नव्हता. त्यामुळे एप्रिल-मे स्टीलचं पातेलं परत आलं, तळ्यासकट.

मोजायची सवय मात्र ठेवा, भांडं कुठलंही असो. कुत्रा अचानक खूप पाणी प्यायला लागला, किलोमागे १०० मिलीच्या वर, तर तो हवामानाचा दोष नसतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास, नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात पू होणं, अशी कारणं असू शकतात आणि शेवटच्यात दिवस घालवून चालत नाही. स्टिरॉइडची औषधं चालू असली तरीही पाणी वाढतं. तसंच नीट पिणारा कुत्रा एकाएकी जास्त सांडायला लागला तर आधी तोंड उघडून दात-हिरड्या बघा, मग भांडी शोधा.

स्वच्छता. इथे माझा राग परत चकतीवरच जातो, इलाज नाही. पाण्याच्या कुठल्याही भांड्यात दोन दिवसांत बुळबुळीत थर धरतो, तो जंतूंचा असतो. पातेलं घासणीनं एका हाताने निघतं. या भांड्याला मात्र कडेची खाच, चकतीची कड, भोकाची कड आणि आतल्या भांड्याचा ओठ, एवढ्या जागा. भोकाच्या कडेला तर जुना टूथब्रशच लागतो. प्लास्टिकवर ओरखडे पडले की थर तिथे आणखी घट्ट बसतो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, त्या जड पाण्याचे पांढरे क्षार चकतीवर जमतात, चकती कडेला अडकून वर-खाली होईनाशी होते. लिंबाची पिळलेली साल घासून ते जातात, वेगळं काही विकत आणायची गरज नाही. पण रोज धुवायचं म्हणजे रोज चार भाग सुटे करायचे. मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ते भांडं माझ्या कामात धरू नका.

पसरायच्या वस्तूंवरही पैसे घालवून झालेत. रबरी मॅटखाली पाणी जाऊन राहतं आणि उचलली की वास येतो. जुने टॉवेल उत्तम, पण जुलै-ऑगस्टमध्ये ते वाळणार कुठे? कुबट वासाचा टॉवेल कुत्र्याच्या पाण्याजवळ ठेवण्यापेक्षा ओली फरशी परवडली. दुकानदारानं उंच स्टँड सुचवला होता. मोठ्या कुत्र्यांना उंचावरून खायला देण्याचा आणि पोट फुगून पीळ पडण्याचा संबंध अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात दिसला होता. तो पाण्याबद्दल नव्हता हे खरं, पण स्टँडची किंमत ऐकल्यावर मला तेवढं कारण पुरलं. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तसं.

आता चकतीची सध्याची स्थिती. एम-सील लावायचं नवऱ्यानं सुचवलं, पिण्याच्या पाण्यात ते नको म्हणून मी नाही म्हटलं. मग फ्रीजमध्ये श्रीखंडाचा रिकामा डबा दिसला. डब्याचं झाकण पॉलिप्रॉपिलिनचं, म्हणजे त्रिकोणात पाच आकडा असलेलं. हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यात हवा कोंडायची गरजच नाही. झाकण भांड्याच्या आतल्या मापाला कापलं, मध्ये जुन्या चकतीएवढं भोक पाडलं, सगळ्या कडा बारीक सँडपेपरने गुळगुळीत केल्या आणि सोडलं पाण्यात. तरंगतं! पातळ असल्यामुळे जरा जास्त दबतं, पाणी थोडं जास्त वर येतं, आणि गंमत म्हणजे गुंड्याला तेच आवडतं. पिणं वाढलं, उडणं जवळपास तेवढंच कमी राहिलं. हे ज्यांचा कुत्रा प्लास्टिक चावतो त्यांनी करू नये, आणि करणाऱ्यांनीही भांड्याची कड वरून बसवल्याशिवाय झाकण तसंच सोडू नये. आमचा श्रीखंडाचा वास येतो का बघून पहिल्या दिवशी खूप वेळ हुंगत बसला, मग नाद सोडला.

गळणाऱ्या पाण्याचा इलाज भांड्यात नव्हताच. ते सगळं लटांबर उचलून ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलं. तिथे फरशी खरखरीत आहे, उतार जाळीकडे आहे. दाराला एक जुना पंचा अडकवलाय. गुंड्या पिऊन बाहेर येतो, जो जवळ असेल तो त्याचं तोंड पुसतो, मगच हॉलमध्ये सोडतो. आता तो स्वतःच दारात थांबून तोंड वर करतो. खर्च शून्य. हॉलमधली रांग गेली ती यानं.

तेव्हा घ्यावं का? दाढीवाला, लहान कुत्रा असेल, किंवा घाईनं पिऊन ओकणारा असेल तर जरूर. गाडीतून न्यायलाही बरं आहे, वळणावर पाणी कडेनं फार येत नाही. मोठ्या कुत्र्यासाठी, आणि फरशी कोरडी राहील या आशेनं घेत असाल तर आधी पातेलं उचलून बाल्कनीत ठेवून बघा. घेतलंच तर चकती सुटी विकणाऱ्याकडूनच घ्या आणि ते लेखी विचारून घ्या.

तक्रारीचं उत्तर काल आलं. चकती नाही, पैसे नाहीत. "आमच्या मौल्यवान ग्राहकासाठी" पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचं कूपन दिलंय, किमान ९९९ रुपयांच्या खरेदीवर लागू. भांडं ७४९ चं आहे. कोणाला हवं असेल तर सांगा, कोड पाठवते.