फॅमिट्रॅकर: रोजमेळात बसवलेला दादरा

मी एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यात आहे. दिवसभर उभ्या रकान्यांत आकडे भरते. त्यामुळे रात्री जेवणं आटोपल्यावर मी पुन्हा लॅपटॉपवर रकान्यांत आकडे भरताना दिसले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, मार्च एंड अजून लांब आहे ना?" मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं वाजतंय." तो माझा पहिला आठवडा होता.

फॅमिट्रॅकर हा विंडोजवर चालणारा फुकट प्रोग्रॅम आहे. निन्टेन्डोचा १९८३ चा फॅमिकॉम आणि त्याचीच जपानबाहेरची आवृत्ती एनईएस, या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांत आवाज काढणारी जी चिप होती, तिच्यासाठी त्यात गाणी लिहायची. नव्वदीत आपल्याकडे त्या यंत्राच्या नकला घरोघरी आल्या होत्या. कॅसेट फुंकून खाचेत बसवायची, तोच आवाज. आमच्या घरी गेम खेळायचा दादा. मी हार्मोनियमच्या क्लासला जायचे आणि परत आल्यावर त्या गेमच्या चाली पेटीवर वाजवायचे.

प्रोग्रॅम उघडला की काळ्या पडद्यावर पाच उभे रकाने आणि ६४ ओळी दिसतात. वेळ वरून खाली वाहते. ही पद्धत १९८७ साली अमिगा संगणकावर आलेल्या कार्स्टन ओबार्स्कीच्या अल्टिमेट साउंडट्रॅकरपासूनची. प्रत्येक ओळीत सूर, वाद्याचा नंबर, आवाजाची पातळी आणि इफेक्ट (सूर कसा वाजवायचा ते सांगणारा आकडा) एवढंच लिहायचं. माउसची फारशी गरज लागत नाही. झेड म्हणजे सी, एस म्हणजे सी शार्प, एक्स म्हणजे डी. खालच्या रांगेत एक सप्तक, क्यूच्या रांगेत वरचं. स्पेसबार दाबला की लिहिणं सुरू, एंटर दाबला की वाजणं. पेटीवरची बोटं दोन दिवसांत रुळली. डोकं नाही रुळलं, कारण आकडे सोळाच्या पायाचे. नवानंतर ए, आणि पंधरा म्हणजे एफ. आवाज पूर्ण हवा तर एफ लिहायचा. वीस वर्षं दशमानावर पगार घेणाऱ्या बाईनं हे पचवायला तीन आठवडे घेतले.

आता पाच रकान्यांविषयी, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पहिले दोन पल्स: मुख्य चाल आणि तिची सोबत. लाट किती टक्के वेळ वर राहते ते ठरवून त्यांचा पोत बदलता येतो. साडेबारा टक्क्यांवर आवाज पिपाणीसारखा बारीक, पन्नासवर भरीव. तिसरा ट्रँगल, खालच्या सुरांसाठी. त्याला लहान-मोठा आवाजच नाही, एक तर वाजतो किंवा गप्प बसतो. चौथा नॉइज, म्हणजे खरखर. पाचव्यात नमुना म्हणून ध्वनिमुद्रणाचा छोटा तुकडा टाकता येतो.

पाच जणांच्या भजनी मंडळात एक जण कायम सारख्याच जोरानं ओरडणार आणि एक जण फक्त टाळ वाजवणार, असा हा प्रकार. पेटीवर मी तीन पट्ट्या सहज दाबते. इथे एका रकान्यात एका वेळी एकच सूर. मग तीन सुरांचा मेळ आणायचा कसा? इफेक्टच्या जागी ०४७ लिहायचं. सा, त्याच्या चार पट्ट्या वरचा शुद्ध ग, सात पट्ट्या वरचा प, हे तिन्ही सूर सेकंदाला ६० पावलांच्या वेगानं आळीपाळीनं वाजतात आणि कान त्यांची मोट बांधतो. ०३७ लिहिलं की ग कोमल. जुन्या गेममधली ती थरथर म्हणजे नेमकं हेच, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

प्रतिध्वनीसाठीही वेगळं बटण नाही. पहिल्या रकान्यातली चाल दुसऱ्यात कॉपी करायची, तीन ओळी खाली सरकवायची, आवाज १२ वरून ४ वर आणायचा. देवळाच्या सभामंडपात बसल्यासारखं वाटतं.

मींड हवी असेल तर इफेक्ट ३. इथे माझा एक आख्खा रविवार गेला. भूपातला ग वरून प वर जाणारा एक तुकडा घसरवला, छान झाला, आणि पुढचं सगळं गाणं घसरतच राहिलं. हा इफेक्ट ३०० लिहून बंद करेपर्यंत चालूच राहतो. ०४७ चंही तेच, त्याला ००० लागतं. नोंद केली तर उलट नोंदही करा, हे मला कुणी सांगावं!

माझं सर्वात आवडतं काम म्हणजे दादरा. ६४ ओळी चार-चारच्या हिशेबाच्या, त्यात सहा मात्रा बसत नाहीत. पण ओळींची संख्या बदलता येते. मात्रेला चार ओळी धरून एक आवर्तन २४ चं, दोन आवर्तनांच्या ४८ ओळी ठेवल्या. ठळक ओळ दर सोळाव्या जागी असते, ती बाराव्या जागी आणली, म्हणजे धा धी ना झालं की धा ती ना कुठे सुरू होतं ते डोळ्यांना दिसतं. ना साठी नॉइज, अगदी तोकडा. धा साठी नॉइजच्याच ओळीवर ट्रँगलचा सूर झपकन खाली पाडला आणि लगेच तोडला. डग्ग्याचा घुमारा त्यात नाही. तोडलेला सूर विरत नाही, थेट थांबतो. तरी लय चालते.

शिकण्याचा सर्वात चांगला मार्ग म्हणजे दुसऱ्यांच्या फाइली उघडून वाचणं. गाणं वाजतं आणि त्याची प्रत्येक नोंद समोर असते. माझ्या क्लासच्या सरांनी त्यांच्या चिजा इतक्या उघड्या कधी ठेवल्या नव्हत्या.

कुणी घ्यावं? ज्यांना असे आकडे वाचायचा कंटाळा आहे त्यांनी फॅमिस्टुडिओ घ्यावा. चिप तीच, पण सूर आडव्या पट्ट्यांसारखे रंगवता येतात. मॅक किंवा लिनक्सवाल्यांनी फर्नेस घ्यावा. तोही फुकट, त्यात कितीतरी चिपा आहेत आणि रकाने असेच उभे. मी तो उघडला आणि चिपांची यादी बघून बंद केला. मिठाईच्या दुकानात माझं असंच होतं, शेवटी पेढेच घेते.

चार महिन्यांत तीन गाणी झाली, त्यातलं एक ऐकण्याजोगं. ते दादाला पाठवलं. अर्ध्या तासानं त्याचा मेसेज आला: "कितवी लेव्हल आहे ही? आपण इथवर कधी पोचलोच नव्हतो."

पाचव्या रकान्याला मी अजून हात लावलेला नाही. त्यात शेजारच्या पोराच्या खऱ्या डग्ग्याचा एक ठोका भरायचा विचार आहे, त्याची परीक्षा संपली की.