गुडघ्याला करंट की इंजेक्शन?

"करंट लावला तर औषध आत जातं का हो?" गुडघा धरून बसलेल्या काकू असं विचारतात, तेव्हा मी आधी विचारते, लावतात तो करंट कुठला? फिजिओथेरपीच्या खोलीतला बहुतेक करंट टेन्सचा किंवा आयएफटीचा, म्हणजे नुसतं दुखणं दबवणारा असतो. त्यात औषध नसतंच. औषध ढकलणारा प्रकार वेगळा, त्याचं नाव आयन्टोफोरेसिस.

सारखे भार एकमेकांना लोटतात, एवढंच त्यामागचं तत्त्व. डेक्सामेथासोन फॉस्फेट या स्टिरॉइडवर ऋण भार असतो, म्हणून त्यात भिजवलेला पॅड ऋण इलेक्ट्रोडखाली ठेवायचा आणि दुसरा पॅड थोडा लांब. ४ मिलिअँपिअर करंट, १० मिनिटं. मुंग्या येतात, पॅड उचलला की कातडीवर त्याच्याच आकाराची लाली दिसते. तारा उलट जोडल्या तर औषध पॅडमध्येच राहतं. फ्रान्समधल्या स्तेफान लेद्युक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सशांवर दाखवलं: स्ट्रिक्निन हे विष धन टोकाला आणि सायनाइड ऋण टोकाला ठेवलं तेव्हा ससे दगावले, टोकं बदलली तेव्हा त्यांना काही झालं नाही.

अडचण आहे ती औषध किती खोल जातं याची. औषध जेमतेम काही मिलिमीटर आत जातं. त्यामुळे टेनिस एल्बो किंवा टाचेचं दुखणं असेल तर या औषधाच्या पॅडचा, म्हणजे पॅचचा, विचार जरूर करा. टाचेतलं स्टिरॉइड इंजेक्शन डोळ्यांत पाणी आणतं आणि क्वचित तळव्याचा पडदाही फाटतो. टेनिस एल्बोत इंजेक्शनने महिना-दीड महिना छान वाटतं, पण वर्षाने पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेलेच बरे असतात, असं अभ्यासांत दिसलंय. पॅचचा फायदाही थोड्या दिवसांचाच, त्यात पाच-सहा खेपा घालाव्या लागतात. पेसमेकर असेल किंवा तिथली कातडी फाटलेली असेल तर पॅच नकोच.

झिजलेल्या गुडघ्यासाठी मात्र पॅचवर पैसे घालवू नका. सुजलेल्या, पाऊल टेकवू न देणाऱ्या गुडघ्याला एखादं इंजेक्शन ठीक. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर तपासत राहा. दर तीन महिन्यांनी टोचून घेणं मला पटत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत १४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन वर्षं दर १२ आठवड्यांनी स्टिरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली, आणि दुखण्यात फरक नव्हता.

सांध्याच्या पाण्यात सोडलेलं औषध लवकर निघून जातं, आणि कूर्चेत रक्तवाहिन्याच नसल्याने रक्तातूनही पोचत नाही. पण कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या तिच्यातल्याच घटकामुळे कूर्चेवर स्वतःचाच दाट ऋण भार असतो. मग औषधच धन भाराच्या वाहकाला बांधलं तर? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ॲलन ग्रॉडझिन्स्की आणि अंबिका बाजपेयी यांनी त्यासाठी अंड्याच्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन हे धन भाराचं प्रथिन वापरलं, सशांवर करून पाहिलं. बाहेरून बॅटरी नाही, कूर्चाच औषध ओढून घेते. भार फार वाढवला तर ते वरच्या थरालाच चिकटून बसतं, म्हणून बेताचाच ठेवावा लागतो. शिवाय फार झिजलेल्या गुडघ्यात कॉन्ड्रॉइटिनच घटलेलं असतं, त्यामुळे ओढही कमी. माझं मन याच वाटेकडे झुकतं, पण काम अजून प्रयोगशाळेतलं आहे. तेव्हा 'कूर्चेपर्यंत पोचणारा करंट' म्हणून कुणी दहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर काकू, पाकीट पर्समध्येच राहू द्या.