स्प्रिंग बूट आणि स्प्रिंग क्लाउड: उन्हाळ्यापासून रोज वापरल्यावर

एक सर्व्हिस (एकच काम करणारा स्वतंत्र प्रोग्राम) उभी करायची असेल तर जावाच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कला तोड नाही. स्टार्टर (तयार लायब्ररींचा संच) टाका, पोर्ट द्या, चालू. दुसरी सर्व्हिस आली की स्प्रिंग क्लाउड (अनेक सर्व्हिसेस जोडायची साधनं) येतं, खरा अभ्यास सुरू होतो, आणि तो तुमचा तुम्हालाच करावा लागतो.

आमचं काम नागपूरच्या संत्रा व्यापाऱ्यांसाठी. कळमना बाजारातून माल निघतो तेव्हा ऑर्डर, गाडीचं बुकिंग आणि पैसे, अशा तीन सर्व्हिसेस कामाला लागतात. बूट ३ ला जावा १७ लागतं, तिथे काही अडलं नाही. वेळ खाल्ला तो जुन्या ट्युटोरियल्सनी. हिस्ट्रिक्स (बिघडलेल्या सर्व्हिसकडचे कॉल तोडणारं नेटफ्लिक्सचं साधन) २०१८ पासून नुसतं मेंटेनन्सवर आहे. स्प्रिंग क्लाउडच्या २०२०.० रिलीजमध्ये ते, रिबन (कॉल वाटून देणारं) आणि झूल (बाहेरचे कॉल आत वळवणारं) तिन्ही काढून टाकले, नेटफ्लिक्सच्या गोतावळ्यातलं युरेका, म्हणजे कुठली सर्व्हिस कुठे चालू आहे त्याची नोंदवही, तेवढं राहिलं. शिवाय बूट ३ मध्ये जावॅक्स पॅकेजेसचं नाव जकार्ता झालं, त्यामुळे जुना कोड इम्पोर्टवरच अडतो. व्हिडिओची तारीख बघा, मगच प्ले करा.

युरेकाचा हिशोब आधी समजून घ्या. सर्व्हिस दर ३० सेकंदांनी हजेरी लावते, ९० सेकंद हजेरी नसेल तर तिचं नाव कटायला पात्र होतं. तोवर रिक्वेस्ट मेलेल्या सर्व्हिसकडे जात राहतात. आणि बऱ्याच हजेऱ्या एकदम बुडाल्या तर युरेका नेटवर्कलाच दोष देतं आणि कुणालाच काढत नाही. लॅपटॉपवर दोन-तीनच सर्व्हिसेस असल्या की हे हमखास होतं, मग माणूस उगाच डोकं खाजवत बसतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते टाइमआउटनं, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची त्या मर्यादेनं. आमच्याकडे आधीच्या टीमचा कोड आला होता, त्यात साधं रेस्टटेम्प्लेट, म्हणजे दुसऱ्या सर्व्हिसला कॉल करायचा स्प्रिंगचा क्लास. ते तसंच वापरलं तर टाइमआउट नसतोच. एका दुपारी पैशांची सर्व्हिस मंदावली. बंद नव्हती, नुसती मंद. बूटच्या आतल्या टॉमकॅट या वेब सर्व्हरचे रिक्वेस्ट हाताळणारे डिफॉल्ट २०० थ्रेड एकेक करून तिच्या उत्तराची वाट बघत बसले, आणि ऑर्डरची धडधाकट सर्व्हिसही गपगार झाली. सीपीयू शांत, लॉगमध्ये एरर नाही. थ्रेड डम्प (कुठला थ्रेड काय करतोय त्याची यादी) काढला तर सगळे सॉकेट रीडवर, म्हणजे नेटवर्कवरून उत्तर वाचण्यात, अडकलेले. शेजारच्या सिनियरनं वाकून बघितलं, "काहून बे, याला टाइमआउटच नाही!"

मग हिस्ट्रिक्सच्या जागी वापरतात ते रेझिलियन्स४जे आणलं. चांगलं आहे, पण त्यातला सर्किट ब्रेकर (फेल्युअर वाढले की कॉल थांबवणारा) डिफॉल्टनुसार किमान १०० कॉल झाल्याशिवाय फेल्युअरचं प्रमाण मोजतच नाही. टेस्ट करताना सर्व्हिस बंद करून दहा-वीस कॉल मारले तर तो ढिम्म हलत नाही. आकडा कमी करूनच तपासा. अ‍ॅनोटेशन लावलेली मेथड त्याच क्लासमधून बोलावली तरी ब्रेकर लागत नाही, कारण कॉल स्प्रिंगच्या प्रॉक्सीतून (क्लासभोवतीच्या वेष्टनातून) जातच नाही.

स्प्रिंगच्या ट्रान्झॅक्शनलचीही (सगळं लिहिलं जाईल किंवा काहीच नाही, ही हमी) मर्यादा आहे. गाडी बुक झाली, पैसे फसले, तर रोलबॅक आपल्या डेटाबेसपुरताच. आम्ही आउटबॉक्स टेबल ठेवलं: ऑर्डर आणि निरोप एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचे, नंतर निरोप काफ्कावर (सर्व्हिसेसमध्ये निरोप पोहोचवणारी यंत्रणा) पाठवायचा. तो दोनदा पोहोचू शकतो, म्हणून घेणाऱ्यानं ऑर्डर नंबर बघून दुसरा सोडून द्यायचा. एवढं सगळं हातानं लिहावं लागलं, त्याचा थोडा राग आहेच.

कॉलचा माग काढणारं मायक्रोमीटर ट्रेसिंग आणि तो दाखवणाऱ्या झिपकिनला मात्र पैकीच्या पैकी. कुठला कॉल कुठे किती अडला ते एका स्क्रीनवर दिसतं. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हा सगळा बारदाना चालवायचा विचारही करू नका, त्यातून मे महिना असेल तर नकोच.

तीन-चार जणांची टीम असेल तर एकच बूट अ‍ॅप्लिकेशन करा, आत नीट मॉड्यूल पाडा. आम्ही ऑर्डर आणि गाडी पुन्हा एकत्र करतोय. पैशांची सर्व्हिस वेगळीच राहील, तिचे डिप्लॉयमेंट आणि ऑडिट दोन्ही वेगळे आहेत.