दहावीच्या पोरासाठी करिअर टेस्ट, विश्रामबागचा अनुभव

पोरगं दहावीत, घरात रोज सायन्स की कॉमर्स, आणि त्याच्या आज्जीचं आपलं एकच, डॉक्टर कर. शेवटी सांगलीत विश्रामबागेत एका करिअर गायडन्सवाल्यांकडे नेलं. नाव घेत नाही.

आधी रिसेप्शनवरच दहा बोटांचे ठसे घ्यायचं पॅकेज गळ्यात मारत होते, म्हणे ठशांवरून मेंदू कळतो. ह्याला शास्त्रीय आधार काही नाही, सरळ नाही म्हणून सांगा. पैसे वाचतात.

खरी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट मात्र बरी होती, आकडे, भाषा, आकृत्या डोक्यात फिरवायचे प्रश्न आणि वर आवडीनिवडीची, हॉलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाची सहा प्रकारांची टेस्ट. पोराचं आकृत्यांचं एकदम भारी आलं, पाठांतराचं मात्र सांगायलाच नको. तिथल्या काउन्सेलर मॅडमनी त्याला विचारलं सुट्टीत काय करतोस, तर म्हणाला मिरजेत सतारमेकर गल्लीत मामाच्या ओळखीच्या कारखान्यात सतारीसाठी भोपळा कापताना बघत बसतो. मला हे माहितीच नव्हतं!! मॅडमनी तिथनंच धागा पकडला, प्रॉडक्ट डिझाइन सांगितलं, मेकॅनिकल डिप्लोमा सांगितला, तीन वर्षं आणि मग डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला, बारावीचं टेन्शन नाही.

वाईट एवढंच की रिपोर्ट चाळीस पानी आणि निम्मा कॉपी पेस्ट, मराठीत तर नाहीच, आणि आयटीआयबद्दल मीच विचारलं तेव्हा बोलले, इथं कुपवाडची एमआयडीसी हाकेवर असताना.

पाचपैकी साडेतीन, ते पण मॅडमसाठी. आज्जी अजून बोलत नाहीये माझ्याशी.