थेट की वळशाने? मेंदूच्या नोंदींसाठी पद्धत निवडताना

मेंदूतल्या एन्टोरायनल कॉर्टेक्समधून हिप्पोकॅम्पसच्या (आठवणींशी निगडित रचनेच्या) सीए१ भागाकडे दोन वाटा जातात. एक थेट, दुसरी डेंटेट गायरस आणि सीए३ या हिप्पोकॅम्पसच्याच भागांतून वळसा घालून. दोन्ही शरीररचनेत पक्क्या दिसतात. पण हातात फक्त इलेक्ट्रोडच्या नोंदी असतील, तर एखाद्या क्षणी कोणती वाट चालू आहे हे कसं ओळखायचं? पद्धती बऱ्याच आहेत आणि कुठलीही वापरली तरी आलेख देखणाच येतो. म्हणूनच निवड विश्लेषणाआधी करावी.

दोन-दोन चॅनेल (इलेक्ट्रोडच्या नोंदी) घेऊन काढलेला कोहेरन्स (दोन सिग्नल एखाद्या फ्रिक्वेन्सीवर किती जुळतात याचं माप) किंवा जोडीपुरती ग्रेंजर कॉजॅलिटी (एकाच्या भूतकाळावरून दुसऱ्याचा अंदाज सुधारतो का, ही तपासणी) झटपट होते, थोड्या डेटावरही चालते. या प्रश्नासाठी मात्र ती बाद धरा. सगळा संदेश सीए३ मार्गे येत असला, तरी एन्टोरायनल आणि सीए१ यांच्यात ठळक संबंध दिसणारच. शिवाय तिसराच भाग दोघांना वेगवेगळ्या विलंबाने चालवत असेल, तर ज्याच्याकडे संदेश आधी पोचतो तो दुसऱ्याला चालवतोय असा भास होतो.

खरी निवड कंडिशनल ग्रेंजर आणि पार्शल डायरेक्टेड कोहेरन्स (पीडीसी) यांच्यात आहे. पहिलीचा प्रश्न सरळ आहे: सीए१ चा स्वतःचा आणि सीए३ चा भूतकाळ माहीत असताना, एन्टोरायनलचा भूतकाळ जोडल्यावर सीए१ चा अंदाज सुधारतो का? सुधारत नसेल, तर थेट वाटेचा पुरावा नाही. पीडीसी २००१ मध्ये ब्राझीलमधून आली. ती हाच भेद फ्रिक्वेन्सीनुसार दाखवते, त्यामुळे थीटा (मंद) आणि गॅमा (जलद) लहरी वेगळ्या पाहायच्या असतील तर सोयीची. (त्याआधी १९९१ मध्ये वॉर्सामध्ये मांडलेलं डायरेक्टेड ट्रान्सफर फंक्शन थेट आणि वळशाचा प्रभाव एकत्रच दाखवतं, एकूण किती पोचलं एवढंच हवं असेल तर तेच घ्या.) पण पीडीसीचा आकडा उगमाकडून निघणाऱ्या एकूण प्रभावाच्या प्रमाणात असतो. एन्टोरायनलने डेंटेटकडे जास्त पाठवायला सुरुवात केली, तर सीए१ कडची वाट जशीच्या तशी असूनही तिचा आकडा घसरतो. दोन प्रयोगस्थितींमध्ये 'जोडणीची ताकद' तोलायची असेल, तर माझा कौल कंडिशनल ग्रेंजरला. तीही फ्रिक्वेन्सीनुसार काढता येते. मॉडेलची ऑर्डर (मागचे किती नमुने घ्यायचे ते) ठरवण्याची कटकट टाळणारी नॉनपॅरामेट्रिक (असं मॉडेल न बसवता चालणारी) रीत २००८ मध्ये मांडणाऱ्यांत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गोविंदन रंगराजन होते.

दोन्ही पद्धतींची डेटाची भूक मोठी आहे. २० चॅनेल आणि मागचे १० नमुने घेतले की मॉडेलमध्ये ४,००० गुणांक होतात. सगळे चॅनेल कोंबण्यापेक्षा शरीररचना पाहून मोजके निवडा.

आणि दोघींचा दुखरा कोपरा एकच: मधला भाग. सीए३ मध्ये इलेक्ट्रोडच नसेल, तर वळशाचा प्रभाव 'थेट' म्हणून दिसेल. इलेक्ट्रोड आहे पण सिग्नलमध्ये गोंगाट असेल, तरीही सीए३ चा वाटा पूर्ण वजा होत नाही आणि उरलेला अंश थेट जोडणीचं सोंग घेतो. मला हा धोका सर्वांत मोठा वाटतो, कारण आकडेवारीच्या चाचणीत तो पकडला जात नाही. थीटासारखा सिग्नल शेजारच्या इलेक्ट्रोडवरही झिरपतो, म्हणून आधी बायपोलर नोंदी (शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक) किंवा करंट सोर्स डेन्सिटी (प्रवाह नेमका कुठे उगम पावतो याचा अंदाज) काढून घ्या.

मेंदूला हात लावायची मुभा असेल, तर गणितापेक्षा हस्तक्षेप वरचढ. २००२ मध्ये नॉर्वेतल्या मोझर दांपत्याच्या गटाने उंदरांमध्ये सीए३ कडून सीए१ कडे येणारा मार्ग काढून टाकला, तरी सीए१ मधल्या प्लेस सेल (प्राणी ठराविक जागी आला की सक्रिय होणाऱ्या पेशी) टिकल्या. थेट वाट पुरेशी ठरते हे इतक्या स्वच्छपणे दाखवणं नुसत्या नोंदींना जमलं नसतं. माणसांत, अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून एकेक विद्युत स्पंद देऊन दूरचा प्रतिसाद मोजतात. साधारण १० ते ५० मिलिसेकंदांतली पहिली लाट थेट वाटेची खूण मानतात. मात्र स्पंदाने तंतूंमध्ये उलट दिशेनेही संदेश जातो, त्यामुळे दिशेबाबत जपून बोलावं.

तेव्हा हस्तक्षेप शक्य असेल तर तोच करा. नसेल, पण मधल्या भागाची नोंद चांगली असेल, तर कंडिशनल ग्रेंजर. मधल्या भागाची नोंदच नसेल, तर कुठलीही पद्धत वापरलीत तरी निष्कर्षात 'थेट' लिहू नका. 'सीए३ मोजलेला नाही' हे वाक्य आलेखाच्या खालीच छापा.