एकट्याने वॉटर्लू खेळताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

पावसाळा लागला आणि टेबलावर लढाया खेळण्यासाठी रंगवलेल्या माझ्या छोट्या फ्रेंच शिपायांच्या संगिनींवरचा रंग सालपटं निघावीत तसा सुटायला लागला. १/७२ मापाच्या मऊ प्लॅस्टिकच्या फिगर्स आहेत, उंची जेमतेम अडीच सेंटिमीटर. हाताळताना बंदूक वाकते, रंग वाकत नाही, म्हणून तो तडकतो. विकणाऱ्याला फोटो पाठवले. रंग आम्ही दिलेला नाही, असं उत्तर आलं, आणि ते बरोबरच आहे. पण डब्यातल्या काही बंदुका मुळातच मुडपलेल्या होत्या, एका अधिकाऱ्याची तलवार अर्धीच ओतली गेली होती, त्याबद्दल चकार शब्द नाही. दोनदा आठवण करून दिली. पैसे परत नकोत, तेवढा एक अधिकारी पाठवा म्हटलं. तोही आला नाही.

रंगाचं सविस्तर सांगतो, कारण विकताना हे कोणी सांगत नाही. साच्यातून सहज सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर या प्लॅस्टिकवर राहतो. भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासा आणि रात्रभर वाळू द्या. मग पांढरा गोंद पाण्यात पातळ करून त्याचा एक हात द्या, तो वाळला की त्यावर ॲक्रिलिक, आणि शेवटी पुन्हा गोंदाचा हात. गोंदाचा थर थोडा लवचीक राहतो, त्यामुळे बंदुकीबरोबर तोही वाकतो. स्प्रेचं वॉर्निश मात्र जून ते सप्टेंबर अजिबात मारू नका. दमट हवेत ते पांढरट होतं आणि निळे कोट राखाडी दिसायला लागतात. या पद्धतीने पुन्हा रंगवलेली तुकडी अजून शाबूत आहे.

आता खेळाबद्दल. नियम ‘शार्प प्रॅक्टिस’चे, म्हणजे नेपोलियनच्या काळातल्या छोट्या चकमकी टेबलावर खेळण्याचे. थोडक्यात: एक फिगर म्हणजे एक माणूस, दोन्ही बाजूंच्या प्रत्येक अधिकाऱ्याचा एक पत्ता, सगळे पत्ते एकत्र पिसायचे आणि ज्याचा निघेल त्याने आपली माणसं हलवायची. त्याच गठ्ठ्यात ‘टिफिन’ नावाचा एक पत्ता असतो. तो निघाला की फेरी तिथेच संपते, मग कोणाचा नंबर आलेला असो वा नसो.

सुरुवातीचे काही आठवडे या टिफिनने मला वैताग आणला. एवढी मेहनत करून अधिकारी रंगवायचा आणि त्याने सलग दोन फेऱ्या नुसतं उभं राहायचं? समोर माणूस असता तर निदान दोघं मिळून चरफडलो असतो. तेव्हा मी हा पत्ता काढून टाकून खेळून पाहिला. सगळ्यांना दर फेरीला हुकूम मिळायला लागला आणि खेळातला जीवच गेला. दोन्ही बाजूंचे बेत मला ठाऊक, दोन्हीकडचा वेळ मला ठाऊक. मग फासे टाकायचे ते फक्त हिशेबासाठी. पत्ता परत गठ्ठ्यात गेला.

एकट्याने खेळण्यातली खरी अडचण इथे आहे. १८२४ साली प्रशियात राइसवित्झने क्रीग्सश्पील हा लष्करी युद्धखेळ मांडला, त्यात मध्ये पंच असे. खेळाडू त्याच्याकडे हुकूम देत, आणि शत्रूचं जेवढं दिसणं शक्य आहे तेवढंच तो त्यांना दाखवी. घरी पंच कुठून आणायचा? स्वतःपासून काहीतरी लपवून ठेवता आलं तरच एकट्याचा डाव रंगतो, आणि हे लपवायचं काम पत्ते करतात.

म्हणून मी दोन्ही बाजू खेळणं सोडलं आणि बचाव पत्त्यांवर सोपवता येईल अशी लढाई शोधली. ती सापडली ला हे सेंतच्या वाड्यात. १८ जून १८१५, नेपोलियनच्या शेवटच्या पराभवाची वॉटर्लूची लढाई. ब्रसेल्सच्या रस्त्याला लागून असलेला हा शेतवाडा मेजर गेओर्ग बारिंग किंग्ज जर्मन लीजनच्या (ब्रिटिश सैन्यातल्या जर्मन शिपायांच्या फौजेच्या) दुसऱ्या लाइट बटालियनचे सुमारे ४०० लोक घेऊन लढवत होता. आदल्या रात्री पावसात भिजलेल्या सैनिकांनी कोठाराचं शेताकडे उघडणारं दार जळणासाठी तोडलं होतं, त्यामुळे फ्रेंचांना तिथे उघडं भगदाड मिळालं. मी पूर्ण वाडा मांडत नाही, फक्त हे भगदाड आणि दोन्हीकडची भिंत. कॅरमबोर्डाएवढी जागा पुरते, अंतरं इंचांऐवजी सेंटिमीटरमध्ये मोजायची. कोठार लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचं. ९५ व्या रायफल्स या ब्रिटिश पलटणीच्या डब्यातले हिरव्या कोटांचे शिपाई बारिंगचे लोक म्हणून चालतात.

मी फ्रेंच. बारिंगची माणसं पत्ता निघाला की जवळच्या शत्रूवर गोळी झाडतात, भगदाडात फ्रेंच घुसले की संगिनी लावतात. एवढं साधं. सगळं वजन मी टाकलंय ते काडतुसांवर. या बटालियनकडे बेकर रायफली होत्या. त्यांची गोळी बारीक, बाकी पायदळाच्या मस्केटची जाड, म्हणजे शेजारच्या पलटणीकडून उसनी घेऊनही उपयोग नाही. बारिंगने पुन्हा पुन्हा निरोप पाठवले. मदतीला माणसं आली, काडतुसं आली नाहीत. संध्याकाळी गोळ्या संपल्या तेव्हा वाडा पडला. बारिंगच्याच सांगण्याप्रमाणे शेवटी त्याच्याजवळ ४२ माणसं उरली होती.

माझा नियम असा: प्रत्येक हिरव्या तुकडीजवळ दहा पत्ते पालथे, त्यांत तीन लाल. गोळी झाडली की वरचा पत्ता उलटायचा, दुसरा लाल निघाला की त्या तुकडीच्या बंदुका मुक्या. तो कधी निघेल हे मला कळत नाही. त्यामुळे फ्रेंचांना आत्ता भगदाडात घालायचं की भिंतीआड आणखी एक फेरी दबून राहायचं, हा प्रश्न दर वेळी खरोखर छातीत धडधड आणतो. बारिंगचा पत्ता निघाला की तो लढायचं सोडून निरोप पाठवू शकतो, फाशावर सहा पडले तरच काडतुसं येतात. आणि नेमका त्याच्या आधी टिफिन निघतो. ज्या पत्त्यावर मी एवढा चिडलो होतो, तोच या डावात बारिंगचं नशीब हुबेहूब वठवतो. मागे कोणीतरी ऐकत नाहीये, वेळ जातोय, आणि त्याच्या हातात काही नाही.

आगीचाही नियम केलाय. फ्रेंचांनी कोठार पेटवलं तेव्हा मदतीला आलेल्या नासाऊ या जर्मन संस्थानाच्या सैनिकांनी आपल्या स्वयंपाकाच्या मोठ्या किटल्यांनी डबक्यातलं पाणी आणून आग विझवली होती. माझ्या डावात किटली धरलेला माणूस गोळी झाडत नाही. तो बारीकसा हिशेब फार आवडतो मला.

खर्चाचं बोलायचं तर, धातूच्या मोठ्या मापाची एक पलटण जेवढ्याला पडते तेवढ्यात या प्लॅस्टिकमध्ये दोन्ही सैन्यं उभी राहतात. त्यात परदेशी कुरिअर आणि कस्टमचा भुर्दंड धरला तर विचारच नको. रंगाचा त्रास सोसूनही मी मऊ प्लॅस्टिकच घेईन, फक्त विक्रेता बदलून, आणि पैसे देण्याआधी डबा उघडून आतल्या फिगर्सचे फोटो मागून. नियमपुस्तकाची छापील प्रत घ्या, खेळताना एका हातात फासे असतात, फोनवर पानं सरकवणं जमत नाही.

पुढचा बेत असईच्या लढाईचा आहे. वॉटर्लूला टेकडीमागे सैन्य दडवून उभा असलेला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन, तोच २३ सप्टेंबर १८०३ ला जनरल वेलस्ली म्हणून आपल्या भोकरदनजवळ शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर होता. तिथे मी शिंद्यांचा गोलंदाज होणार आणि वेलस्लीला पत्त्यांवर सोडणार. कैलना नदी निळ्या कापडाची करायची की रंगवलेल्या पुठ्ठ्याची, एवढंच ठरायचंय. कोणी आधी मांडली असेल तर नदी ओलांडायचा उतार किती रुंद ठेवला ते जरूर कळवा.