शॉकर, कॅप्टन कोल्ड की व्हल्चर? बडोद्याच्या चित्रकथेसाठी छोटा खलनायक निवडताना

बडोद्यात घडणारी सुपरहिरोची चित्रकथा मराठीत काढायची असेल, तर नायकाच्या आधी खलनायक ठरवून टाका. 8 पानांची कथा म्हणजे पानाला 5-6 चौकटी धरून 40 ते 48 चौकटी. एवढ्या जागेत जग जाळायला निघालेला खलनायक नुसता ओरडून जातो. तिजोरी फोडून थकलेलं भाडं भरणारा चोर मात्र तेवढ्यात नीट उभा राहतो. त्याला काय हवंय ते एका चौकटीत कळतं आणि परवडेनासं झालं की तो काढता पाय घेतो. रोज हिशेब घालणाऱ्या वाचकाला हा माणूस जवळचा वाटतो, चोर असूनही.

अशा हिशेबी खलनायकांचे तीन चांगले साचे आहेत. पहिलीच कथा, एकच चित्रकार आणि 8 पानं असतील तर शॉकर. 20-24 पानं आणि दोन-तीन चित्रकार असतील तर कॅप्टन कोल्ड. चित्रापेक्षा संवादावर हात बसला असेल तर व्हल्चर. पात्रं मार्व्हल आणि डीसी या अमेरिकी प्रकाशकांची आहेत, म्हणून नाव-पोशाख उचलू नका. स्वभावाचा सांगाडा तेवढा घ्या.

शॉकर म्हणजे हर्मन शुल्ट्झ. 1967 साली स्पायडर-मॅनच्या मासिकाच्या 46व्या अंकात तो पहिल्यांदा आला. तिजोऱ्या फोडणं हा त्याचा धंदा. तुरुंगात असताना त्याने हवेतून कंपनांचे धक्के देणारे हातमोजे बनवले. ते धक्के त्याच्याच हाडांना बाधू नयेत म्हणून अंगात जाड, शिवणीचा पोशाख. लांबून बघितलं तर माणसाने गोधडी पांघरलीय असं वाटावं. पण त्या गोधडीचा प्रत्येक टाका कामाचा आहे, आणि या पात्राची गोडी तिथेच आहे. त्याला ना सूड घ्यायचाय, ना कुणावर राज्य करायचंय. कारागीर हत्यार जपतो तसा तो स्वतःला जपतो.

हा साचा बडोद्यात आणताना जुन्या शहरातली पोळ, म्हणजे गल्लीतली दाट वस्ती, निवडा. एकाला एक लागून घरं, मधली भिंत सामाईक, आत जुनं लाकूडकाम. इथे कथेची अडचण आपोआप तयार होते. पूर्ण जोराचा धक्का दिला तर तिजोरी उघडेल, पण पलीकडे कुणी झोपलेलं असेल त्याच्या अंगावर भिंत येईल. जोर कमी ठेवला तर काम लांबतं आणि नायक पोचतो. चौथ्या पानावर भिंतीला पहिली चीर दाखवा आणि त्याला हात आखडता घेऊ द्या. कारणही त्याच्याच तोंडी द्या: चोरीची शिक्षा भोगून सुटता येतं, खुनाची भोगायची त्याची तयारी नाही. इथे त्याला एकदम दयाळू केलंत तर पात्र हातचं गेलं. नवे लेखक सर्वात जास्त चुकतात ते याच जागी.

पानांची वाटणी साधारण अशी ठेवा. पहिल्या पानावर हत्यार आणि तिजोरी, दुसऱ्या-तिसऱ्यावर काम, चौथ्यावर चीर आणि नायक, पाचव्या-सहाव्यावर झटापट, सातव्यावर त्याचा हिशेब, आठव्यावर निसटणं किंवा सापडणं. झटापटीला दोनच पानं पुरतात, कारण हातमोज्याचा चाप अंगठ्याने दाबावा लागतो. अंगठा अडकवला की खेळ संपला. पण तो चाप पहिल्या पानावर मोठा काढलेला हवा, नाहीतर सहाव्या पानावर नायक नशिबाने जिंकल्यासारखा वाटतो.

चित्रकाराला एक सूचना. शिवणीच्या आडव्या-उभ्या रेघा प्रत्येक चौकटीत काढत बसलात तर महिना जाईल. शिवाय ए4वर काढलेलं पान ए5वर छापताना लांबी-रुंदी साधारण 71 टक्क्यांवर येते. मूळ कागदावरची 1 मिलिमीटरची फट पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी होते आणि झेरॉक्समध्ये काळी भरते. जवळच्या चौकटीतच रेघा काढा, त्याही 2 मिलिमीटर अंतराने. दूरच्या आकृतीला सपाट करडा रंग पुरे.

कॅप्टन कोल्ड, म्हणजे लिओनार्ड स्नार्ट, 1957चा. फ्लॅश या वेगवान नायकाचा शत्रू. त्याच्याकडे अंगची शक्ती काहीच नाही. एक गोठवणारी बंदूक, टोपीचा जाड कोट आणि फटीचा चष्मा. त्याचं खरं भांडवल म्हणजे टोळी आणि तिचे नियम: अमली पदार्थांना हात लावायचा नाही, गरजेशिवाय जीव घ्यायचा नाही. यामागे व्यवहार आहे. लुटारूच्या मागे एक फ्लॅश लागतो, नायकाच्या खुन्यामागे सगळे लागतात. 2007च्या कथेत या टोळीच्या हातून तरुण फ्लॅश बार्ट ॲलन मारला गेला आणि तिला तोंड लपवून पळावं लागलं. आधी नियम दाखवायचा, मग तो मोडल्याची किंमत दाखवायची, हे या कथांकडून शिकण्यासारखं आहे.

बडोद्याचा नकाशा टोळीच्या कथेला फार सोयीचा आहे. जुन्या शहराच्या मधल्या मांडवीपासून चार दिशांना चार दरवाजे: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी. चार माणसं, चार वाटा, आणि वेगवान नायक एका वेळी एकाच दरवाजाला. हा आराखडा वाचकाला न समजावता समजतो. पण चार माणसं ओळखीची व्हायला प्रत्येकी निदान दीड पान लागतं, म्हणजे कथा सुरू होण्याआधीच सहा पानं खर्ची पडतात. 8 पानांत हे बसवू नका. आणि हंगाम डिसेंबर-जानेवारीचा ठेवा. मेमध्ये पारा चाळिशीपार असताना जाड कोट घातलेला माणूस दरवाजापर्यंतही पोचायचा नाही.

स्पायडर-मॅनच्या कथांमधल्या बूमरँगसारखा थापाड्या टोळीप्रमुख सध्या बाजूला ठेवा. पाच जणांच्या टोळीला ‘सिनिस्टर सिक्स’ म्हणवणारी त्याची मालिका 2013-14 मध्ये 17 अंक चालली. थापा रंगायला आणि मग उघड्या पडायला तेवढी जागा लागतेच.

व्हल्चर चित्रकथेत 1963 पासून आहे, पण आपल्या कामाचा आहे तो 2017च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’मधला एड्रियन टूम्स. न्यूयॉर्कमध्ये परग्रहवासीयांशी झालेल्या लढाईचा ढिगारा उचलायचं कंत्राट त्याला मिळतं. तो गाड्या घेतो, माणसं लावतो आणि मग सरकारी खातं येऊन काम काढून घेतं. हाती उरलेल्या परग्रही भंगारातून तो हत्यारं बनवून विकतो. मोठ्या नायकांच्या नजरेत येणार नाही अशा बेताने धंदा ठेवतो, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. बुडतो तो एका मोठ्या डल्ल्यापायी.

हाच माणूस मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एखाद्या शेडमध्ये बसवला तर परका वाटणार नाही. उधारी, थकलेले पगार, अर्ध्यावर गेलेलं कंत्राट ही भाषा तिथली रोजची आहे. त्याच्या कामगारांना नावं द्या. त्यांच्या पगाराची काळजी हीच त्याची बाजू आहे. त्याऐवजी दोन पानं भरून अन्यायाची कैफियत लिहिलीत तर वाचक कंटाळतो. कंत्राट रद्द झाल्याचं एक पत्र आणि उभ्या असलेल्या तीन गाड्या, एवढं एका चौकटीत पुरतं.

व्हल्चरचे यांत्रिक पंख ठेवायचे की नाही, हा प्रश्न बडोद्यात जरा वेगळा आहे. 14-15 जानेवारीला उत्तरायणात आकाश मांजाने भरलेलं असतं. उडणारा चोर त्या दिवशी एकतर घरी बसेल, नाहीतर पंखांच्या पंख्यांत मांजा गुंडाळून गच्चीवर आदळेल. त्याला तारीख ठाऊक असणार, कारण तो हिशेबी आहे. तरीही तो उडाला तर पैशाची निकड किती होती ते वाचकाला शब्दाविना कळतं.

त्या चित्रपटातला सर्वात ताणाचा प्रसंग गाडीत घडतो. मुलीला आणि तिच्या मित्राला सोडायला निघालेला बाप, म्हणजे टूम्स, बोलता बोलता ओळखतो की हाच तो नायक. मुलीचा जीव वाचवल्याबद्दल तो त्याला एकदाच मोकळं सोडायची तयारी दाखवतो. तीन माणसं, एक गाडी, बाहेर रात्र. हे काढायला तीन पानं द्या, आरशातल्या डोळ्यांच्या चौकटी वेगळ्या ठेवा. रावपुऱ्याच्या गर्दीत गाडी अडकलेली दाखवलीत तर दार उघडून पळायची सोय मुलाकडे असते, आणि तरी तो बसून राहतो.